ट्रंपवाली गोळी न देणारं मेडिकल (चार स्टार, पाचवा का कापला ते खाली)

इंदूरला लोकमान्य नगरच्या आमच्या बाजूला नाक्यावर जे मेडिकल आहे त्याच्याबद्दल लिहितेय. नाव लिहीत नाही, कारण दुकानदार काकांनी धमकी दिलीये की माझं नाव कुठे टाकलंस तर सासूबाईंच्या गोळ्या पुढच्या महिन्यापासून दवा बाजारातून, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारातून, आण. आणि तसंही बोर्डावरची निम्मी अक्षरं पडलीयेत, आम्ही सगळे नुसतं नाक्यावरचं म्हणतो.

या दुकानाबद्दल लोकांची एकच तक्रार असते, की हा माणूस औषध कमी देतो आणि प्रश्न जास्त विचारतो. खरंय ते. खोकल्याला अँटिबायोटिक मागायला गेलात तर आधी डॉक्टरचा पर्चा विचारणार, मग किती दिवस झाले, मग ताप आहे का, आणि शेवटी मिठाच्या गुळण्या करा म्हणून तसंच परत पाठवणार. समोर दुसरं चकाचक दुकान आहे, एसी आहे, डिस्काउंट आहे, मागाल ते मिळतं, तरी मी जाते ते इथेच, आणि त्याचं कारण २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं.

त्या दोन वर्षांत काय व्हायचं की रात्री टीव्हीवर कोण मोठा माणूस काय बोलला ते मला सकाळी त्या काउंटरवर कळायचं. बातम्या बघायची गरजच नव्हती. लाइनीत लोक काय मागतायत ते ऐकायचं, की समजायचं काल कोणाचं भाषण झालं.

पहिला आणि सगळ्यात मोठा किस्सा हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा. सासूबाईंना आमवात आहे, डॉक्टर रुमॅटॉइड म्हणतात तो, सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास बोटंच वळत नाहीत. ही गोळी त्या २०१४ पासून रोज घेतायत. तिचं काम असं की ती हळूहळू भिनते, घेतली की लगेच बरं वाटलं असं नाही, पण बंद केली की काही आठवड्यांत सांधे सुजून बोंब. तर १९ मार्च २०२० ला ट्रंपसाहेब व्हाइट हाउसात उभे राहून म्हणाले की कोरोनावर ही गोळी गेम चेंजर ठरू शकते, आणि दोन दिवसांनी ट्वीट पण केलं. पुरावा काय, तर फ्रान्समधला ३६ पेशंटांवरचा एक अभ्यास, जो नंतर २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्या जर्नलने मागेच घेतला. पण तेव्हा कोण बघतंय. जगातला सगळ्यात पॉवरवाला माणूस म्हणतोय म्हटल्यावर आमच्या नाक्यावर सोमवारी सकाळी पंधरा माणसं, आणि सगळ्यांचं एकच, "भिया, वो ट्रंप वाली गोली है क्या, दो पत्ते दे दो."

काकांकडे अकरा पत्ते होते. मला आकडा माहितीये कारण मी तिथेच उभी होते, सासूबाईंचं महिन्याचं घ्यायला. काकांनी काय केलं, तर ते सगळे पत्ते शोकेसमधून काढले, रोजच्या तीन पेशंटांच्या नावाच्या चिठ्ठ्या लाल पेनाने लिहिल्या, प्रत्येकाचे पत्ते वेगळे करून रबर लावला आणि आतल्या ड्रॉवरमध्ये टाकले. मग लाइनीकडे वळून म्हणाले, "घर में किसी को गठिया है? मलेरिया है? नहीं? तो भिया, घर जाओ, हाथ धोओ." एक जण भांडायला लागला की आपल्या सरकारनेच सांगितलंय. ते अर्धं खरं होतं, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने तेव्हाच सल्ला काढला होता की कोरोना पेशंटांमध्ये काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सना आणि पॉझिटिव्ह माणसाच्या घरच्यांना ही गोळी आधीच द्यायची, पण ती पण डॉक्टरच्या पर्चीवरच. काकांनी एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या एका सिस्टरला पर्ची बघून दिली सुद्धा. बाकीच्यांना नाही.

मग कोणा भाईसाबचा माणूस आला. कोणते भाईसाब ते सांगत नाही, त्यांचे होर्डिंग अजून लागतात. "भाईसाब ने बीस पत्ते मंगाए हैं, बस्ती में बांटना है." काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "भाईसाब को बोलो पर्चा लेके खुद आ जाए." मला वाटलं आता दुकान फुटतं की काय. तो माणूस बराच वेळ बघत उभा राहिला आणि गेला. चारच दिवसांत, २६ मार्चला, केंद्राने ही गोळी शेड्यूल एच वनमध्ये टाकली, म्हणजे पर्चीशिवाय विकायची नाही, वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात डॉक्टरचं नाव पेशंटचं नाव किती दिली ते सगळं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. काका इतके खूश झाले की मला चहा पाजला. म्हणाले आजपर्यंत मी खडूस होतो, आता कायदा पण खडूस झाला.

पण स्टॉकिस्टकडूनच माल यायचा बंद झाला ना. एप्रिलच्या सुरुवातीला सरकारने निर्यात पूर्ण थांबवली, ट्रंपसाहेबांनी बदला घेऊ वगैरेची भाषा केली, दुसऱ्या दिवशी निर्यात थोडी सैल. टीव्हीवर त्याला देशाची शान म्हणत होते आणि इकडे मी रोज सासूबाईंच्या गोळ्या मोजत होते. आमचे पत्ते त्या रबरामुळे मे महिन्यापर्यंत पुरले. राजेंद्र नगरला माझी मावसनणंद राहते, तिलाही हाच आजार, तिच्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी सगळे पत्ते कोणाकोणाला विकून टाकले, बिचारीची बोटं सुजून सुजून लाटणं धरवेना.

५ जूनला इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलवाल्यांनी, म्हणजे कोरोनावरची औषधं तपासणाऱ्या मोठ्या चाचणीवाल्यांनी, सांगितलं की या गोळीने कोरोना पेशंटांना काही फायदा नाही, १५ जूनला अमेरिकेच्याच औषध नियंत्रकाने, एफडीएने, कोरोनासाठीची परवानगी काढून घेतली. काकांनी बातमी कापून काउंटरच्या काचेखाली लावली. कोणी वाचली नाही. कारण तोवर २३ जूनला पतंजलीचं कोरोनिल आलं होतं आणि लाइन तिकडे वळली होती.

मधल्या काळातलं फुटकळ पटापट सांगते. २३ एप्रिलला ट्रंपसाहेब जंतुनाशक शरीरात टोचता येईल का बघा म्हणाले आणि डेटॉल-लायझॉलवाल्या कंपनीला जाहीर करावं लागलं की बाबांनो पिऊ नका. आमच्याकडे पीत कोणी नव्हतं पण एक काकू भाज्या हायपोच्या पाण्यात भिजवत होत्या, काकांनी त्यांना बाटलीवरचं वाचून दाखवलं की फरशीला आहे हे, मेथीला नाही. जुलैत केंद्रीय मंत्री मेघवालजी टीव्हीवर पापडाचं पाकीट घेऊन आले की याने अँटिबॉडी बनतात, दुसऱ्या दिवशी एक मुलगा खरोखर मेडिकलमध्ये पापड मागायला आला. काका म्हणाले किराणा शेजारी आहे, आणि तळून खाऊ नको, कोलेस्टेरॉल वाढतं. मेघवालजी ऑगस्टमध्ये स्वतः पॉझिटिव्ह. गेटवेपाशी गो कोरोना गो म्हणणारे आपले आठवलेसाहेब ऑक्टोबरमध्ये पॉझिटिव्ह. हसायचं नाही कोणाच्या आजारावर, पण आठवलेसाहेबांच्या त्या घोषणेने निदान कोणाचा औषधाचा पत्ता तरी पळवला नाही, त्यांना माझ्याकडून माफी.

मास्कचा किस्सा तर आपल्या इंदूरचाच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा इथे कार्यक्रमाला आले आणि मास्क का नाही विचारल्यावर म्हणाले मी कुठल्याच कार्यक्रमात घालत नाही. तेच मिश्राजी ज्यांच्याकडे २१ एप्रिलला आरोग्य खातं पण दिलं होतं. त्याच्या आधी तर महिनाभर राज्याला आरोग्यमंत्रीच नव्हता, कमलनाथ २० मार्चला गेले, शिवराजजींनी २३ ला एकट्याने शपथ घेतली आणि इंदूर हॉटस्पॉट झालेलं असताना मंत्रिमंडळाचा पत्ता नाही. तर मास्कबद्दल मिश्राजींनी दुसऱ्या दिवशी माफी मागितली, बरं केलं, पण माफीचा व्हिडिओ कोणी फॉरवर्ड करतं का? पुढचा आठवडाभर काउंटरवर लोक मास्क हनुवटीला लावून हेच ऐकवायचे, गृहमंत्री नहीं पहनते तो अपन क्यूं पहनें. काकांनी दोरी बांधली होती दुकानापुढे आणि पाटी, मास्क नाही तर औषध नाही. दोन-तीन गिऱ्हाइकं कायमची तुटली त्यात.

आता एक गोष्ट सांगते जी लिहू की नको असं वाटत होतं. काकांकडे खजराण्याचा एक मुसलमान मुलगा कामाला होता, अजूनही आहे, पंधरा वर्षं झाली असतील. एप्रिल २०२० मध्ये काय वातावरण होतं आठवत असेल, दिल्लीच्या तबलिगी मरकजच्या बातम्या, सगळा कोरोना एकाच जमातीच्या माथी, आणि इकडे १ एप्रिलला टाटपट्टी बाखलमध्ये तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक, दोन लेडी डॉक्टर जखमी. ते भयंकरच होतं, त्याचं समर्थन कोणी करत नाही. पण त्या दगडांचा आणि आमच्या दुकानातल्या पोराचा काय संबंध? आमच्याच कॉलनीतल्या एक बाई, चांगल्या शिकलेल्या, रिटायर्ड मॅडम, म्हणाल्या याच्या हातून औषध नको, तुम्ही द्या. काकांनी त्यांच्या हातातला पर्चा परत दिला आणि म्हणाले, "मग ताई, समोरचं दुकान बघा." बस. आवाज पण चढवला नाही. एरवी सुट्ट्या पैशांवरून केवढ्याने ओरडतात. ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठाने त्या परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना बळीचा बकरा केलं म्हणून सुनावलं, ती बातमी मात्र काचेखाली नाही लावली. मी विचारलं का, तर म्हणाले पोरगं रोज बघेल ना ते.

आता पाचवा स्टार का कापला ते. काका काही संत नाहीत.

पहिलं, मार्च २०२० मध्ये काकांनीच कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं होतं की विषाणू चार दिवस घशात राहतो, कोमट पाणी प्या, वाहून जातो. मीच त्यांना म्हटलं काका हे खोटंय. चिडले, दोन दिवस बोलले नाहीत, मग डिलीट केलं. (मी पण फार शहाणी नव्हे. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता घरच्या घरी थाळी वाजवायची होती तर आम्ही दोघं स्कूटरवर राजवाड्याला गेलो बघायला, आणि तिथे जी गर्दी, झेंडे, शिट्ट्या, जणू वर्ल्ड कपच जिंकलाय. त्या आवाजाच्या लहरींनी विषाणू मरतो असा मेसेज माझ्या भावाने मला पाठवला होता आणि मी तो पुढे आईला पाठवला होता. सरकारच्या माहिती कार्यालयाला, पीआयबीलाच नंतर सांगावं लागलं की असं काही नसतं.)

दुसरं, काकांची ती इम्युनिटीची टोपली. ट्रंपवाली गोळी नाही दिली हे बरोबर, पण काउंटरवर व्हिटॅमिन सी, झिंक, काढा, होमिओपॅथीचं आर्सेनिक अल्बम, सगळं एका टोपलीत हारीने मांडून ठेवलं होतं, आणि भावात एक रुपया कमी नाही. मी एकदा म्हटलं काका याने कोरोना थांबतो का, तर म्हणाले थांबतो असं मी म्हणालो का? म्हणाला नाहीत पण टोपली म्हणतेय ना! यावर हसून म्हणाले, आयुष मंत्रालयाने सांगितलंय, सरकार काढा वाटतंय, मी काय सरकारपेक्षा मोठा. म्हणजे बघा, जिथे नुकसान होतं तिथे हा माणूस भिंत, आणि जिथे नुकसान नाही आणि मार्जिन आहे तिथे सरकार मोठं. अर्धा स्टार इथे गेला.

कोरोनिल पण ठेवलं होतं काही महिने. मात्र १९ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीत त्याचा दुसऱ्यांदा कार्यक्रम झाला, स्टेजवर गडकरीसाहेब आणि देशाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन, जे स्वतः ईएनटीचे डॉक्टर, आणि मागे डब्ल्यूएचओचं नाव, तेव्हा दुसऱ्याच दिवशी लोक यायला लागले की अब तो डब्ल्यूएचओ ने पास कर दिया. डब्ल्यूएचओने त्याच दिवशी सांगितलं की आम्ही कुठल्याही पारंपरिक औषधाला कोरोनासाठी प्रमाणपत्र दिलेलं नाही. ज्या कागदाच्या जोरावर हे चाललं होतं तो आपल्याच औषध नियंत्रकाचा होता, डब्ल्यूएचओच्या नमुन्याप्रमाणे. काकांनी तेव्हापासून मागवणं बंद केलं. म्हणाले कंपनी काय, कंपनी विकायलाच बसलीये, पण डॉक्टर माणूस मंत्री होऊन शेजारी उभा राहिला की मी गिऱ्हाइकाला काय सांगू, मी डी. फार्म, तो एमएस.

काकांची पुतणी ऑकलंडला असते. ती सांगायची तिकडे रोज दुपारी एक वाजता पंतप्रधान जसिंडा आणि शेजारी आरोग्य खात्याचे डॉक्टर ब्लूमफील्ड, आज किती पेशंट, काय माहीत आहे, काय माहीत नाही, संपलं. काकांना त्याचं फार कौतुक. म्हणायचे, "माहीत नाही" हे दोन शब्द आपल्याकडे स्टेजवर कोणी बोललेलं ऐकलंयस का? आणि ते अमेरिकन पत्रकार वूडवर्डचं पुस्तक आलं सप्टेंबर २०२० मध्ये, ज्यात ट्रंपचं ७ फेब्रुवारीचं रेकॉर्डिंग, की हा विषाणू हवेतून पसरतो आणि फ्लूपेक्षा घातक आहे, म्हणजे साहेबांना सगळं माहीत होतं आणि वर लोकांना सांगत होते जाईल निघून, त्या दिवशी काका फारच तापले होते. ब्राझीलचा तो बोल्सोनारो, साधा फ्लू आहे म्हणणारा, त्याला काका मूर्ख म्हणून सोडून द्यायचे. ट्रंपला सोडत नव्हते. माहीत नसणारा आणि माहीत असून लपवणारा यांना एकाच ओळीत उभं करू नको म्हणायचे.

मग एप्रिल २०२१. ७ मार्चला आरोग्यमंत्री म्हणाले होते आपण महामारीच्या शेवटाला आलोय. ९ एप्रिलच्या आसपास आपल्या राज्याच्या तेव्हाच्या मंत्री उषा ठाकूर मॅडम एअरपोर्टवर अहिल्यादेवींच्या पुतळ्यासमोर बिना मास्क पूजा करत होत्या कोरोना जावा म्हणून. देवीवर माझी पण श्रद्धा आहे, आमच्या घरात अहिल्यादेवींचा फोटो आहे, पण ज्या बाईंनी घाट बांधले, विहिरी खोदल्या, त्यांच्यासमोर टाळ्या वाजवून काय सांगत होतात? त्याच आठवड्यात आरएनटी मार्गावर दवा बाजारासमोर कोरोनाच्या रेमडेसिविर इंजेक्शनसाठी अशी लाइन होती की लोक चपला आणि पर्चे ठेवून नंबर लावत होते. मी पण होते त्यात. धाकटे दीर ॲडमिट, हॉस्पिटलने चिठ्ठीवर लिहून दिलं सहा इंजेक्शनं आणा, तुमचं तुम्ही बघा.

काकांना फोन केला रात्री अकराला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, डब्ल्यूएचओने नोव्हेंबरमध्येच सांगितलंय की या इंजेक्शनाने माणूस वाचतो असा पुरावा नाही, तर डॉक्टरना हात जोडून विचार की ऑक्सिजन नीट चालू आहे ना आणि डेक्सा चालू आहे का. दोन, रस्त्यावर कोणी देतो म्हणाला तर घेऊ नकोस, कितीही रडू आलं तरी. आणि मला एक जण भेटला होता हो, लाइनीतच, एक व्हायल पंचवीस हजार. मंगळसूत्र विकायची तयारी होती माझी. नाही घेतलं. मे महिन्यात बातमी आली की इंदूर-जबलपूरमध्ये बनावट रेमडेसिविर विकलं, गुजरातमध्ये बनवलेलं, आत मीठ आणि ग्लुकोज. बातमी वाचून हातपाय गार पडले.

दीर वाचले. अकरा दिवस ऑक्सिजनवर आणि डेक्सावर. ते डेक्सामेथासोन म्हणजे काही रुपयांचं जुनं औषध, काकांच्या फळीवर वर्षानुवर्षं पडलेलं, १६ जून २०२० ला त्याच रिकव्हरी ट्रायलने दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांत याने मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात. याच्यासाठी कोणी स्टेजवर आलं नाही, पाकीट हातात धरून फोटो नाही. पण नंतर मेसेज फिरायला लागले की पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड घ्या. ऑक्सिजन लागत नसेल तर ते घ्यायचं नसतं, शुगरवाल्याने तर नाहीच, आणि मग मे मध्ये काळी बुरशी, एमवायचे वॉर्ड भरलेले, त्यावरचं अम्फोटेरिसिन मिळेना. काका तेव्हाही पर्चीशिवाय एक गोळी देत नव्हते. शिव्या खाल्ल्या. मी ऐकल्यात.

ऑक्सिमीटरबद्दल विचारत असाल तर त्यांच्याकडचा चांगला आहे, मी २०२० च्या जुलैमध्ये घेतला, अजून चालतो, फक्त सेल बदलले. विकताना काका स्वतःच्या बोटाला लावून दाखवतात, पाच मिनिटं शांत बसा, नेलपॉलिश काढा, हात गार असेल तर चोळा, ९४ च्या खाली सारखं येत असेल तर मला नाही, डॉक्टरला फोन करा. कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगून रीडिंग वाढतं म्हणणाऱ्या एका काकांना त्यांनी काउंटरवरच दोन्ही करून दाखवलं, आधी ९६, हुंगून पण ९६. तरी ते पुरचुंडी खिशात घालूनच गेले.

बाकी दुकान म्हणाल तर जागा अरुंद, पंखा घरघरतो, बिल मागितलं की हस्ताक्षर वाचता येत नाही. यूपीआय आत्ता दोन वर्षांपूर्वी आलं. डिस्काउंट विसरा. जेनेरिक विचारलं तर मात्र स्वतःहून स्वस्तातलं दाखवतात. सासूबाईंचे पत्ते अजूनही त्या आतल्या ड्रॉवरमध्ये रबर लावून असतात, लाल पेनाची चिठ्ठी पिवळी पडलीये पण बदलली नाही.

टायमिंग सकाळी साडेआठ ते रात्री दहा, सुट्टे घेऊन जा. दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असतं, आत काका झोपलेले असतात, इमर्जन्सी असेल तरच वाजवा. मी एकदा डायपरसाठी वाजवलं होतं, अजून ऐकवतात.